विदर्भातली खनिजं पाठ करू नका, खडकावरून ओळखा: नकाशा, दगड आणि कागद वाचायची पद्धत

परीक्षा जवळ आल्या की मुलं तेच विचारतात, मॅडम मॅंगनीज नागपूरला की भंडाऱ्याला, क्रोमाइट कुठे, कायनाइट कुठे, टंगस्टन कुठलं ते गाव. मग जिल्ह्यापुढे खनिज लिहिलेली एक लांबलचक यादी फोनवर फिरते, सगळे ती घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. यादी घोकू नका. खनिज जिल्ह्याची हद्द बघून तयार होत नाही, ते खडकाच्या मागे मागे असतं. पूर्व विदर्भात कोणता खडक कुठून कुठपर्यंत जातो एवढं डोक्यात बसलं की बाकीची यादी तुम्ही स्वतः काढू शकता. ज्यांना परीक्षा नाही पण गावाजवळ खदान आहे किंवा येणार अशी चर्चा आहे, त्यांनी शेवटचा कागदांचा भाग आधी वाचला तरी चालेल.

आधी हे बघा की कुठे नाही

महाराष्ट्राचा साधारण ८० टक्के भाग बेसॉल्टखाली आहे, म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक. पुणे, नाशिक, संभाजीनगर, अमरावती, सगळं तेच. गिट्टी आणि मुरूम यातून पाहिजे तेवढा मिळतो, पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे सुंदर स्फटिक निघतात, कोल्हापूरकडे उंच पठारांवर हाच खडक झिजून झिजून बॉक्साइट झालाय, पण मॅंगनीज, लोखंड, कोळसा, चुनखडी असं म्हणाल तर बेसॉल्टमध्ये शोधून उपयोग नाही. म्हणून राज्याचा खनिज नकाशा काढला की मधला सगळा भाग कोरा दिसतो आणि ठिपके दोनच कोपऱ्यांत गर्दी करतात, एक पूर्व विदर्भ आणि दुसरा सिंधुदुर्ग-रत्नागिरी. बेसॉल्टची चादर जिथे संपते तिथे खालचे जुने खडक उघडे पडतात, एवढंच कारण.

नागपूर शहर बरोबर या काठावर बसलंय. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती बेसॉल्टची, आणि तिथून कामठीकडे निघालात की गोंडवाना काळाचा वालुकाश्म, भंडाऱ्याकडे निघालात की नाइस, म्हणजे अतिशय जुना पट्टेदार स्फटिकी खडक. एका शहरात बसून तिन्ही खडक बघता येतात अशी सोय फार कमी ठिकाणी आहे, आणि इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय, मॅंगनीज काढणारी मॉइल, कोळसा काढणारी वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, राज्य खनिकर्म महामंडळ हे सगळं नागपुरातच आहे, त्यामुळे माहितीसाठी मुंबईला जायची गरज पडत नाही.

नकाशा कसा उघडायचा

जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं भूकोश नावाचं पोर्टल आहे, फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. त्यात १:५०,००० स्केलचे भूशास्त्रीय नकाशे मिळतात, डाउनलोड करून क्यूजीआयएस या नकाशे बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे. टोपोशीटचा, म्हणजे त्या भागाच्या सर्वेक्षण नकाशाच्या शीटचा नंबर माहीत असला की शोधणं सोपं जातं: नागपूर आणि भंडारा ५५ ओ मध्ये येतात, चंद्रपूर ५६ एम मध्ये. ज्यांना हे सॉफ्टवेअर वगैरे झेपत नाही त्यांनी जिल्ह्याचा डिस्ट्रिक्ट रिसोर्स मॅप बघावा, एकाच शीटवर खडक, खनिज, पाणी सगळं असतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी नावाचं आणखी एक पोर्टल सुरू झालं, तिथे खनिज शोधाचा डेटा एकत्र मिळतो, पण नवख्या माणसाने भूकोशपासूनच सुरू करावं असं माझं मत.

नकाशा उघडला की खनिजाच्या खुणा बघत बसू नका, खडकांचे रंग बघा. लेजेंडमधले, म्हणजे नकाशाच्या कडेच्या रंगसूचीतले सगळ्यात जुने खडक तळाशी असतात, तिथून वर वाचत या. पूर्व विदर्भासाठी तुम्हाला मुख्य चार कुटुंबं धरायची आहेत.

पहिलं सौसर ग्रुप. हा शंभर कोटी वर्षांहून जुना समुद्रतळाचा गाळ, नंतर दाबला-तापला-घडी पडला आणि शिस्ट (पापुद्र्यांचा चमकदार खडक), संगमरवर, क्वार्ट्झाइट (वाळूचा घट्ट झालेला कडक खडक) झाला. छिंदवाड्याकडून सुरू होऊन नागपूर, भंडारा आणि पुढे बालाघाटपर्यंत धनुष्यासारखा वाकलेला साधारण २०० किलोमीटरचा हा पट्टा आहे आणि देशातलं चांगलं मॅंगनीज इथलंच. म्हणून "नागपूर की भंडारा" हा प्रश्नच चुकीचा आहे हो, पट्टा एकच आहे, वरून जिल्ह्याची आणि राज्याची रेघ गेलीय. यातल्या ज्या थरात मॅंगनीज सगळ्यात जास्त सापडतं त्याला मनसर फॉर्मेशन म्हणतात, रामटेकजवळचं मनसर तेच. त्याच ग्रुपमध्ये देवलापार भागात डोलोमाइटी संगमरवर, आणि रामटेकचा गड ज्यावर उभा आहे तो क्वार्ट्झाइट.

खदानींची नावं पट्ट्याच्या क्रमाने लिहून ठेवा म्हणजे डोक्यात राहतात: नागपूर जिल्ह्यात गुमगाव, मनसर, कांद्री, बेलडोंगरी, सातक, मग भंडाऱ्याच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, आणि मध्य प्रदेशची सीमा ओलांडली की तिरोडी, उकवा, बालाघाट. चिखला जमिनीखालची खदान आहे, डोंगरी बुजुर्ग उघडी. दोन्ही एकाच तालुक्यात असून असं का, तर थराचा उतार. घड्या पडल्यामुळे काही ठिकाणी खनिजाचा थर जवळजवळ उभा झालाय, वरचं काढून संपलं की खाली खाली जावंच लागतं. डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज डायऑक्साइड ड्राय सेलमध्ये जातं, बाकी बहुतेक माल फेरो-अलॉयच्या कारखान्यांकडे आणि तिथून स्टीलमध्ये.

हा धंदा किती जुना आहे बघा, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाच्या ब्रिटिश कंपनीने १८९६ मध्ये इथे सुरुवात केली, १९६२ मध्ये सरकारने तिच्या खदानींसाठी मॉइल ही कंपनी उभी केली, तेव्हाही त्या ब्रिटिश कंपनीकडे ४९ टक्के वाटा होता, तो १९७७ मध्ये गेला. २०२३-२४ मध्ये मॉइलने दोन्ही राज्यांत मिळून साडेसतरा लाख टनांच्या आसपास मॅंगनीज काढलं.

दुसरं कुटुंब गोंडवाना, म्हणजे कोळसा. साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीखोऱ्यांमधला गाळ आणि झाडोरा, त्यातला बराकर नावाचा थर कोळशाचा. कामठी-सिल्लेवाडा-सावनेर, उमरेड, आणि मग वर्धा नदीच्या खोऱ्यात वणी, घुग्घुस, माजरी, राजुरा, बल्लारपूर. नकाशावर हे वर्धा नदीला धरून चाललेलं दिसेल. हे खोरं म्हणजे खचलेली दरी, दोन्ही बाजूंनी भेगा पडून मधला भाग खाली बसला म्हणून त्यातला कोळसा झिजून वाहून गेला नाही, टिकला. वेकोलिने २०२३-२४ मध्ये सुमारे ६९ दशलक्ष टन काढला, आणि चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र याच कोळशाच्या शेजारी उभं आहे. काही ठिकाणी बेसॉल्टच्या खालीही ड्रिलिंगमध्ये कोळसा लागतो, म्हणजे नकाशावर बेसॉल्टचा रंग असला तरी काठाजवळ सावध.

तिसरं पैनगंगा चुनखडी. राजुरा, कोरपना, गडचांदूर, वणी. सिमेंटच्या चिमण्या जिथे दिसतात तिथे खाली ही चुनखडी आहे असं समजून चाला. एक टन सिमेंटसाठी दीड टनाच्या आसपास चुनखडी लागते, एवढा दगड लांब नेणं कुणाला परवडत नाही म्हणून कारखाना दगडाजवळ येतो. बाजूलाच कोळसा, अजून काय पाहिजे.

चौथं कुटुंब जरा गुंतागुंतीचं, सगळ्यात जुने खडक, बस्तर क्रेटॉनचे, म्हणजे खंडाच्या जुन्या स्थिर गाभ्याचे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागड, चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा, पिंपळगाव, असोला, इथलं लोखंड यातलं. पलीकडे छत्तीसगडमध्ये बैलाडिला आहे, तो अशाच खडकांचा चुलत भाऊ. पट्टेदार हेमाटाइट-क्वार्ट्झाइट, म्हणजे एक रेघ लाल-करडी लोखंडाची, एक रेघ गारेची, म्हणजे क्वार्ट्झची. यातली गार पाण्याने धुऊन गेली की उरतं ते उंच प्रतीचं खनिज.

आणि मग भंडारा-नागपूरच्या दक्षिणेला साकोली गटाचे खडक आणि त्यांच्या शेजारचे छोटे छोटे तुकडे, जे यादीत सगळ्यात जास्त त्रास देतात. भंडाऱ्यात पोहरा, गरकाभोंगा, दहेगाव-पिंपळगाव इथे कायनाइट-सिलिमनाइट, पवनीला क्रोमाइट, नागपूर जिल्ह्यात टाका नावाच्या गावीही क्रोमाइट, कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टन, पुलर-परसोडीला तांबं, कोलारी-भानोरीला जस्त, चंद्रपूरला ठाणेवासना इथे तांबं, डोंगरगावला फ्लोराइट. यातलं बरंचसं आज खदान म्हणून चालत नाही, नोंद आहे, ड्रिलिंग झालंय, एवढंच. यादीत नाव असणं आणि तिथून रोज ट्रक निघणं यात फार फरक आहे हे लक्षात घ्या, पुस्तकं हा फरक सांगत नाहीत.

कोकणचं थोडक्यात: रेडीला लोखंड, ते गोव्याच्या लोखंडाचंच उत्तरेकडचं टोक, कणकवलीला क्रोमाइट, कासार्डे-फोंडा भागात सिलिका वाळू, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू. तिथलं भूशास्त्र वेगळं आहे, त्यावर इथे जास्त नाही लिहीत.

दगड हातात घेतल्यावर

सामान फार लागत नाही. छोटा हातोडा, चाकू, लोहचुंबक, दहापटीचं भिंग, बाथरूमच्या टाइलचा एक तुटका तुकडा आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा टाळू नका, क्वार्ट्झाइटची कपची काचेसारखी उडते.

पहिला नियम, फोडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. मनसर-कांद्रीकडे रस्त्याच्या कडेला काळेकुट्ट दगड दिसले की पोरं ओरडतात मॅंगनीज मॅंगनीज, फोडलं की आत फिकट गुलाबी-तपकिरी दाणेदार खडक निघतो. हा गोंडाइट, म्हणजे गार आणि मॅंगनीजवाला गार्नेट, बाहेरून फक्त काळं पुट चढलेलं. खनिजाची ती शेजारीण आहे, खनिज नाही. पण कामाची खूण आहे, गोंडाइट दिसला म्हणजे थर जवळपास आहे. खरं मॅंगनीज आतूनही काळं किंवा पोलादी करडं असतं आणि हातात घेतल्यावर वजन अंगावर येतं, कारण त्याची घनता गारेच्या दीडपटीपेक्षा जास्त. पायरोलुसाइट हे मऊ मॅंगनीज खनिज असेल तर बोटं काळी होतात, आणि ब्राउनाइटसारखं कडक मॅंगनीज खनिज असेल तर होत नाहीत, म्हणून नुसतं हात काळे झाले का बघून फसू नका.

मग टाइल उलटी करा. मागची बिनचकाकीची पांढरी बाजू हवी. त्यावर दगडाचा टोकदार कोपरा दाबून ओढायचा आणि रेघेचा रंग बघायचा, दगडाचा नाही. हेमाटाइट दिसायला करडा असो, काळा असो, रेघ लालच येते, वाळलेल्या रक्तासारखी. मॅग्नेटाइटची काळी येते आणि चुंबक त्याला चिकटतो. गोएथाइटची पिवळट तपकिरी. क्रोमाइटची तपकिरी, पायरोलुसाइटची काळी. कोपरा दाबला आणि टाइलवरच ओरखडा पडला, रेघ आलीच नाही, तर दगड टाइलपेक्षा कडक आहे, तिथे ही टेस्ट संपली.

चार काळे जड दगड समोर ठेवले तर या एका टाइलवर बहुतेक वेळा तीन तरी वेगळे काढता येतात. क्रोमाइटबद्दल अजून एक, त्याच्याबरोबर हिरवट, साबणासारखा गुळगुळीत सर्पेंटाइनी खडक असतोच असतो, तो नसेल तर शंका घ्या.

कायनाइट ओळखण्यात खरी मजा आहे. निळसर, लांबट, पात्यांसारखे स्फटिक. चाकूचं टोक पात्याच्या लांबीच्या दिशेने ओढलं की ओरखडा उमटतो, आणि तेच टोक त्याच पात्यावर आडवं ओढलं की घसरतं, काही होत नाही. लांबीच्या दिशेने कडकपणा साडेचार ते पाच, आडवा साडेसहा ते सात, आणि चाकूचं पातं साधारण साडेपाच, म्हणजे बरोबर मधोमध. एकाच स्फटिकात दोन कडकपणा, हे वर्गात शंभर वेळा सांगितलं तरी कुणाला पटत नाही आणि हातात दिलं की अर्ध्या मिनिटात पटतं. सिलिमनाइटचं रासायनिक सूत्र अगदी तेच आहे पण तो धाग्यांसारखा, पांढरट. दोन्ही भट्टीच्या विटांसाठी जातात. फरक एवढा की कायनाइट तापवला की खूप फुगतो, म्हणून विटेत घालण्याआधी त्याला वेगळा भाजून घ्यावा लागतो, सिलिमनाइटला ती भानगड नाही.

चुनखडी की डोलोमाइट हा चंद्रपूर आणि देवलापार दोन्हीकडचा प्रश्न. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला की चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट गप्प बसतो, आणि चाकूने खरवडून त्याची भुकटी केली की मग हळूहळू बुडबुडे येतात. घरगुती टॉयलेट क्लीनरमध्ये हेच ॲसिड असतं, एक थेंब पुरतो, ग्लोव्हज घाला, आणि लहान मुलांच्या हातात बाटली देऊ नका. हा फरक नुसता पुस्तकी नाही, सिमेंटमध्ये मॅग्नेशियम ठरावीक मर्यादेपलीकडे चालत नाही, त्यामुळे एकाच टेकडीतला एक थर कारखान्यात जातो आणि शेजारचा डोलोमाइटी थर बाजूला टाकला जातो.

कोळसा आणि काळी शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा खडक, यात नवखा माणूस हमखास फसतो. कोळसा हलका, शेल जड. दोन्ही सारख्या आकाराचे तुकडे दोन हातात धरा, झालं.

टंगस्टनवाल्यांसाठी: शीलाइट हे टंगस्टनचं खनिज अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो, पण त्याला शॉर्ट-वेव्ह दिवा लागतो. नोटा तपासायचा स्वस्त टॉर्च लाँग-वेव्हचा असतो, त्याखाली काही दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल खनिज नाहीच. शॉर्ट-वेव्ह दिवा डोळ्यांना वाईट, त्याचा वेगळा चष्मा येतो तो घ्या.

प्रत्येक नमुन्यावर व्हाइटनरचा छोटा ठिपका देऊन वर नंबर टाका, आणि वहीत त्या नंबरपुढे जागा, फोनवरचं लोकेशन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो जागच्या खडकातून काढला की सुटा पडलेला उचलला. सुटा दगड डंपरमधून पडलेला असू शकतो. तुमसर भागात रस्त्यावर पडलेलं मॅंगनीज बघून "इथे थर आहे" म्हणणारे लोक मी पाहिलेत.

कुठे जायचं, कुठे नाही

चालू खदानीत स्वतःहून घुसायचं नाही, विषय संपला. खाण कायदा १९५२ लागू आहे, ब्लास्टिंगच्या वेळा असतात, भोंगा कशाचा वाजला हे बाहेरच्याला कळत नाही. कॉलेजचं पत्र घेऊन आधी अर्ज केला तर मॉइल आणि वेकोलि दोघंही विद्यार्थ्यांना नेतात, सेफ्टी शूज आणि हेल्मेट लागतं. साध्या माणसासाठी सावनेरला वेकोलिचा इको पार्क आहे, एमटीडीसीबरोबर खाण पर्यटनही सुरू केलं होतं, जाण्याआधी सध्या चालू आहे का ते फोन करून विचारा.

चालू खदानीपेक्षा मला सोडून दिलेल्या खदानींची भीती जास्त वाटते. पाणी भरलेला खड्डा, वरून शांत तळं, पण काठ उभा कापलेला आणि पाण्याखाली पायरी नाही. दर उन्हाळ्यात अशा खड्ड्यांत पोहायला गेलेली मुलं बुडल्याच्या बातम्या येतात. ओबीच्या ढिगांवर, म्हणजे कोळशाच्या वरची माती-दगड काढून रचलेल्या डोंगरांवर, पावसाळ्यात चढू नका, ते सरकतात. कोळसा मिसळलेला ढीग आतून जळतही असतो, वरून फक्त थोडी वाफ दिसते.

बाहेरूनच बघायचं असेल तर जबलपूर रोडने कन्हान ओलांडून मनसरपर्यंत या, रामटेकच्या गडावर चढा, पायाखालचा क्वार्ट्झाइट बघा, आणि उतरताना रस्त्यालगत शिस्ट. दुसऱ्या दिशेला घुग्घुस-वणी रस्ता, तिथे ओबीचे डोंगर कुणी दाखवावे लागत नाहीत. सुरजागडला हौस म्हणून जाऊ नका. तो पाचव्या अनुसूचीतला भाग आहे, ग्रामसभांचा विरोध आणि आंदोलनं झालेली आहेत, २०१६ च्या डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी खनिजाचे ट्रक जाळले होते, २०२१ पासून खनन पुन्हा जोरात आहे आणि रस्त्यावर अवजड वाहतूक सतत. तिथल्या लोकांशी बोलायचं असेल तर ओळखीच्या माणसाबरोबर, ठरवून जा.

पेपरातला टनांचा आकडा कसा वाचायचा

"अमुक जिल्ह्यात इतके कोटी टन खनिज सापडलं" अशी हेडिंग आली की लगेच खूश किंवा नाराज होऊ नका. आकडा साठ्याचा आहे, म्हणजे काढणं परवडेल असं ठरलेल्या खनिजाचा, की संसाधनाचा, म्हणजे अजून तसं न ठरलेल्याचा, ते बघा. भारतात यूएनएफसी नावाची पद्धत वापरतात, तीन आकड्यांचा कोड. पहिला आकडा सांगतो काढणं परवडतं का, दुसरा सांगतो व्यवहार्यतेचा अभ्यास किती झाला, तिसरा सांगतो भूशास्त्रीय शोध किती खात्रीचा. १११ म्हणजे सिद्ध साठा, १२१ आणि १२२ म्हणजे संभाव्य साठा. ३३३ म्हणजे अनुमानित संसाधन, ३३४ तर नुसती पाहणी. बातमीत बहुतेक वेळा सगळे मिळून एकच मोठा आकडा दिलेला असतो. शोधाचे टप्पे पण जी-४ ते जी-१ असे उलटे चालतात, जी-४ म्हणजे सुरुवात, जी-१ म्हणजे सविस्तर ड्रिलिंग. जी-४ वर नोकऱ्यांची स्वप्नं बघणारी गावं आहेत आणि जी-४ वरच जमिनीचे सौदे करणारे दलालही आहेत, दोघांपासून सांभाळा.

कागद

शेतात काळा जड दगड निघाला, आता काय, हा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. सातबारा तुमचा असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिज सरकारचं. मॅंगनीज, लोखंड, कायनाइट, क्रोमाइट ही प्रमुख खनिजं, त्यांना खाणी आणि खनिजांचा एमएमडीआर कायदा १९५७ लागतो आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टा, म्हणजे खाण चालवायचा करार, लिलावानेच मिळतो, अर्ज केला आणि मिळाला असं आता नाही. टंगस्टनसारख्या २४ महत्त्वाच्या खनिजांचा लिलाव तर २०२३ पासून केंद्र सरकारच करतं. पट्टा दुसऱ्याला गेला तरी जमिनीच्या वापराची भरपाई तुम्हाला मिळते, ती तुमची हक्काची.

रेती, गिट्टी, मुरूम ही गौण खनिजं, त्यांचा कारभार राज्याकडे, २०१३ चे महाराष्ट्राचे नियम. २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्राने ३१ खनिजं गौण यादीत टाकली, डोलोमाइट त्यातच. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यातली बराइट, फेल्स्पार, मायका, क्वार्ट्झ परत प्रमुख झाली, त्यामुळे जुनी पुस्तकं बघून उत्तर लिहू नका. मुरूम स्वतःच्या शेतातून काढून विकायचा असला तरी परवानगी लागते, रॉयल्टी २०२१ च्या दरानुसार ब्रासला ६०० रुपये, ब्रास म्हणजे १०० घनफूट. विनापरवाना पकडलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि ट्रॅक्टर जप्त होतो तो वेगळा. प्रमुख खनिजांची रॉयल्टी वेगळी: लोखंडाला सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के, मॅंगनीजला साधारण ५ टक्के, कोळशाला १४ टक्के, चुनखडीला मात्र टनामागे ८० रुपये असा सरळ दर.

रॉयल्टीच्या वर कंपनीला आणखी एक रक्कम भरावी लागते, जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये. १२ जानेवारी २०१५ आधीचा पट्टा असेल तर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातला असेल तर १० टक्के. हा पैसा खाणबाधित गावांसाठीच आहे, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यातला किमान ७० टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर. चंद्रपूर, नागपूर, गडचिरोलीत ही रक्कम मोठी असते आणि गावातल्या बऱ्याच लोकांना असा काही निधी आहे हेच माहीत नसतं. ग्रामसभेत ठराव करून कामाची मागणी लेखी द्या, तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदत नाही.

नवीन खदान येत असेल तर सगळ्यात भारी कागद म्हणजे ईआयए अहवाल, पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा. केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पाचं नाव टाकून शोधा. त्यात भूशास्त्राचा आख्खा भाग असतो, थर किती जाड, उतार किती, ड्रिलिंग कुठे झालं, भूजलाची पातळी किती, ओबी कुठे टाकणार, ट्रक कोणत्या रस्त्याने जाणार. विकत घ्यायला गेलात तर इतकी माहिती मिळणार नाही. जनसुनावणीच्या आधी किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो. मोठा अहवाल वाचायला वेळ नसेल तर तीनच गोष्टी काढा, खड्ड्याची शेवटची खोली, गावाच्या विहिरींची खोली, आणि शेवटच्या वर्षी खड्ड्याचं काय करणार. पहिली दुसरीपेक्षा जास्त असेल तर पाण्याचा प्रश्न सुनावणीत लेखी विचारा आणि पोच घ्या. गौण खनिजांसाठी असाच जिल्हा सर्वेक्षण अहवाल असतो, जिल्ह्याच्या वेबसाइटवर पीडीएफ टाकलेली असते, रेतीघाटांची यादी त्यातच.

पट्टा कुणाच्या नावावर, कधीपर्यंत, किती हेक्टर, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत विचारता येतं, नाही सांगितलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये. अर्जात "खाणीची सर्व माहिती द्या" असं लिहिलं तर काहीच मिळत नाही. गट नंबर लिहा, आर्थिक वर्ष लिहा, आणि मागा ते नेमकं: पट्ट्याच्या कराराची प्रत, मंजूर खाण आराखड्यातला नकाशा, त्या वर्षी भरलेली रॉयल्टी, आणि खनिज प्रतिष्ठानात जमा रक्कम.